टेक्सासमध्ये अपार्टमेंटच्या पार्किंगमधून गाडी उचलून नेली तर काय करायचं

मी टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या रिचर्डसनला एमएस करायला आले, मग नोकरी लागली आणि तिथेच राहिले. सेकंडहँड कोरोला घेतली होती. एका सोमवारी सकाळी पावणेसातला खाली गेले तर गाडी जागेवर नाही, रात्री लावली होती तिथे दुसऱ्याच कुणाची तरी गाडी उभी. हातपायच गार पडले, मला वाटलं चोरीला गेली. तासाभराने कळलं की टो झाली, आणि ती पण मी जिथे दर महिन्याला भाडं भरते त्याच अपार्टमेंटमधून, काचेवर त्यांनीच दिलेला स्टिकर असताना. कारण काय तर ऑफिसने स्टिकर बंद करून नंबरप्लेट ऑनलाईन नोंदवायची नवी पद्धत सुरू केली होती आणि त्याचा निरोप सहा दिवस आधी पाठवला होता. त्या दिवशी तीनशेच्या वर डॉलर भरून गाडी आणली. पुढे कोर्टात गेले आणि ते परत मिळाले. वकील नव्हता, कुणी ओळखीचं नव्हतं, फक्त कागद नीट होते आणि वेळेत गेले एवढंच.

तेव्हापासून इथल्या मराठी मुलामुलींचे बरेच फोन येऊन गेले, प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. हे सगळं फक्त टेक्सासचं आहे हं. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाचे कायदे वेगळे आहेत, तिथल्या मित्राने सांगितलेलं इथे चालत नाही आणि इथलं तिथे चालणार नाही.

१. चोरी की टो, ते आधी नक्की करा

घाबरून लगेच ९११ ला फोन करू नका. शहराच्या पोलिसांचा इमर्जन्सी नसलेला नंबर असतो तो लावा, नंबरप्लेट सांगा. मालकाला न विचारता उचललेली गाडी यार्डात, म्हणजे उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात, आली की यार्डवाल्यांना दोन तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं, त्यामुळे पोलिसांकडे नोंद सापडते. रात्री उशिरा उचलली असेल आणि नोंद अजून आली नसेल तर थोडं थांबून परत फोन करा.

दुसरा रस्ता म्हणजे अपार्टमेंटच्या गेटवरचा टोचा बोर्ड. त्यावर एक फोन नंबर असतो आणि तो २४ तास उचलला गेला पाहिजे असा नियमच आहे. बोर्डापाशी गेलाच आहात तर त्याचा फोटो काढून ठेवा, तो पुढे लागणार आहे, का ते पाचव्या मुद्द्यात सांगते.

२. ट्रक अजून आवारातच असेल तर

गाडी ट्रकला पूर्ण अडकवलेली नसेल आणि तुम्ही तिथे पोचलात तर एक पैसा न देता गाडी मिळायला पाहिजे. पूर्ण अडकवून झाली असेल पण ट्रक आवारातून बाहेर पडला नसेल तर ड्रॉप फी भरून गाडी तिथल्या तिथे सोडवता येते. ही फी पूर्ण टोपेक्षा बरीच कमी असते आणि हा पर्याय ड्रायव्हरने स्वतःहून द्यायचा असतो. पावती घ्या.

पण तो ऐकत नसेल तर ट्रकसमोर आडवं उभं राहू नका, गाडीत जाऊन बसू नका, हातघाई तर अजिबात नको. मोबाईलवर व्हिडिओ काढा, ट्रकचा नंबर आणि दारावर लिहिलेलं कंपनीचं नाव आणि लायसन्स नंबर त्यात येऊ द्या, आणि जाऊ द्या त्याला. टोचं भांडण ही दिवाणी बाब आहे, त्यात अटक बिटक काही नसतं, व्हिसाला काही होत नाही. मारामारी केलीत तर मात्र ते फौजदारी होतं आणि एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असताना ते अजिबात परवडणारं नाही.

३. आधी गाडी सोडवा, भांडण नंतर

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. "माझी चूक नाही तर मी पैसे का भरू" म्हणून गाडी तशीच यार्डात ठेवतात. तिकडे दर दिवसाचं स्टोरेज, म्हणजे गाडी ठेवल्याचं भाडं, चढत जातं, आठवड्यात रक्कम कुठल्या कुठे जाते, आणि फार दिवस सोडवली नाही तर नोटिसा पाठवून शेवटी गाडी विकून टाकायचा अधिकारही त्यांना असतो. पैसे भरले म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. भरलेले पैसे परत मागायलाच तर सुनावणी असते. मी पण यार्डाच्या खिडकीत वीस मिनिटं वाद घातला, खिडकीच्या पलीकडच्या बाईंना त्याचं काहीही नव्हतं, निर्णय त्यांच्या हातातच नसतो.

स्टोरेजचा दिवस मध्यरात्री बदलतो. पण गाडी १२ तासांपेक्षा कमी वेळ यार्डात असेल तर एकाच दिवसाचे पैसे घेता येतात, म्हणजे रात्री अकराला उचलली आणि सकाळी आठला तुम्ही गेलात तर दोन दिवस लावता येत नाहीत. हे लक्षात ठेवा आणि पावतीवर बघा.

जाताना काय न्यायचं:

- फोटो असलेलं ओळखपत्र. टेक्सासचं लायसन्स अजून आलं नसेल तर पासपोर्ट न्या, दुसऱ्या देशाचं ओळखपत्रसुद्धा चालतं, पण त्याबरोबर गाडीवर तुमचा हक्क आहे असं एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं, तो फॉर्म यार्डात मिळतो
- रजिस्ट्रेशनचा कागद किंवा टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद
- इन्शुरन्सचा कागद
- गाडी मित्राच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांनी दिलेलं पॉवर ऑफ अॅटर्नी
- भाड्याची गाडी असेल तर तुमच्या नावाचा करार
- कार्ड आणि थोडी कॅश दोन्ही

कागद गाडीच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिलेत हे इतकं कॉमन आहे की त्याचाही नियम आहे. मालकी दाखवणारे कागद काढण्यासाठी तुम्हाला गाडीपर्यंत जाऊ द्यावंच लागतं. "आधी कागद दाखवा मग गाडी बघा" असं म्हणाले तर शांतपणे सांगा की कागद गाडीतच आहेत. आणि "फक्त कॅश" असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे, टेक्सासमध्ये यार्डांना क्रेडिट आणि डेबिट कार्ड घ्यावंच लागतं. कार्डानेच भरा, पुरावा राहतो.

यार्ड कायम गावाबाहेर, बस जात नाही अशा ठिकाणी असतं, एकट्याने रात्री जाऊ नका. जे यार्ड २४ तास गाड्या आत घेतं त्याला २४ तास सोडाव्यापण लागतात, तासभर आधी कळवलं की झालं. तरी मुलींना माझं सांगणं, चार डॉलर जास्त गेले तरी चालतील, सकाळी कुणाला तरी बरोबर घेऊन जा.

४. यार्डाच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधी

गाडीभोवती एक चक्कर मारा, बंपर, चाकं, खालची बाजू, सगळ्याचे फोटो तिथेच काढा. बाहेर पडल्यावर ओरखडा दाखवलात तर तो कुठे पडला हे कोण ठरवणार?

मग कागद. तुम्हाला तीन गोष्टी मिळायला पाहिजेत: टोचं तिकीट, फीचे वेगवेगळे आकडे दाखवणारी पावती, आणि तुमच्या हक्कांची लेखी नोटीस. ही तिसरी बरेचदा पावतीच्या मागे बारीक अक्षरात असते आणि लोक न वाचता खिशात घालतात. त्यात टो कुणाच्या सांगण्यावरून झाला, टो कंपनीचं आणि यार्डाचं नाव पत्ता, आणि सुनावणीसाठी कुठल्या कोर्टात जायचं ते सगळं असतं. अर्ज भरायला हीच माहिती लागते. नोटीस दिली नसेल तर मागा, नाहीच दिली तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, कारण नोटीस मिळाल्याशिवाय अर्जाची मुदत सुरू होत नाही.

५. चूक नक्की कुणाची ते शांत डोक्याने बघा

घरी या, चहा घ्या आणि लीज, म्हणजे भाडेकरार, काढा. खरं सांगते, मला आलेल्या फोनपैकी निम्म्यांची केस नव्हतीच. फायर लेनमध्ये (आगीच्या बंबासाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटेत) लावली, अपंगांच्या जागेत लावली, गेट अडवलं, दुसऱ्याला नेमून दिलेल्या नंबरच्या जागेत "दोनच मिनिटं" म्हणून लावली, यातलं काही असेल तर कोर्टात जाऊन काही मिळणार नाही, वेळ घालवू नका. गणपतीला किंवा दिवाळीला पाहुणे येतात आणि व्हिजिटर पार्किंग भरलेलं असतं म्हणून त्यांना कुठेतरी लावायला सांगितलं जातं, त्यात सगळ्यात जास्त गाड्या जातात. पाहुण्यांना बोलवताना पार्किंगचं आधी सांगा.

आता ज्यांची केस आहे त्यांच्यासाठी. तीन गोष्टी तपासा.

पहिली, तुम्हाला नियम दिले होते का. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये ९२.०१३१ हे कलम आहे, नंबर लिहून ठेवा. अपार्टमेंटला पार्किंगचे आणि टोचे नियम लीज सही व्हायच्या आधी तुम्हाला द्यावे लागतात, आणि ते लीजमध्येच असतील तर पार्किंगचं शीर्षक ठळक, अधोरेखित किंवा कॅपिटल अक्षरात पाहिजे. लीज चालू असताना नियम बदलले तर लेखी कळवावं लागतं आणि कळवल्यापासून १४ दिवस व्हायच्या आत नवीन नियम लागू करता येत नाही, अपवाद फक्त बांधकामाची किंवा पाणी-विजेची तातडी. शिवाय तुम्हाला कळवलं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. माझ्याकडे सहाव्या दिवशी गाडी गेली होती. हे कलम मी त्या रात्री दोन वेळा वाचलं, मग झोप लागली. ते मोडलं तर घरमालकाने भाडेकरूला १०० डॉलर दंड आणि टो-स्टोरेजचा खर्च द्यायचा असं त्यातच लिहिलंय.

दुसरी, बोर्ड. टोचा बोर्ड आवारात गाडी जिथून आत शिरते त्या प्रत्येक वाटेवर, ड्रायव्हरला समोरून दिसेल असा पाहिजे. कमीत कमी १८ इंच रुंद, २४ इंच उंच. खालची कड जमिनीपासून ५ फुटांपेक्षा खाली नको आणि ८ फुटांपेक्षा वर नको. कायमचा बसवलेला पाहिजे, त्यावर टोचं लाल चिन्ह, कोण लावू शकतं, कुठल्या दिवशी किती वाजता नियम लागू आणि तो २४ तासांचा फोन. मेजरिंग टेप घेऊन जा, टेप धरून फोटो काढा. झाडाच्या फांद्यांनी बोर्ड झाकला असेल तर ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतं तसा फोटो काढा, दिवसा एक आणि रात्री एक. आणि हे लगेच करा, कारण तक्रार झाल्यावर फांद्या छाटल्या जातात. एक मात्र लक्षात घ्या, तुम्हाला नियम वेगळा स्पष्ट सांगितला होता असं त्यांनी दाखवलं तर नुसत्या बोर्डाच्या दोन इंचांवर केस टिकत नाही, बोर्डाचा मुद्दा पाहुण्यांच्या गाडीसाठी जास्त कामाचा.

तिसरी, रजिस्ट्रेशन संपलेली गाडी. काचेवरचा स्टिकर जुना झाला म्हणून अपार्टमेंटला गाडी सरळ उचलता येत नाही, १० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, ती गाडीवर चिकटवलेली असली तरी चालते. सुट्टीत महिनाभर भारतात जाता तेव्हा हे फार महत्त्वाचं आहे, नोटीस काचेवर लागते आणि तुम्ही पुण्यात असता. जाण्याआधी रजिस्ट्रेशनची तारीख बघा आणि मागे राहणाऱ्या मित्राला आठवड्यातून एकदा गाडीकडे चक्कर मारायला सांगा.

६. अर्ज: १४ दिवसांची मुदत

याला टो हिअरिंग म्हणतात. टेक्सासच्या ऑक्युपेशन्स कोडच्या २३०८ व्या प्रकरणात हा सगळा कायदा आहे. टोच्या दिवसापासून चौदावा दिवस यायच्या आत अर्ज कोर्टात पोचला पाहिजे, शनिवार रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरायच्या नाहीत. पण मोजत बसू नका, पहिल्याच आठवड्यात द्या. मुदत गेली की हा हक्क गेला, अपार्टमेंटचं ऑफिस "आम्ही बघतो, पुढच्या आठवड्यात या" म्हणत दिवस घालवतं तो हाच सापळा. त्यांच्याशी बोला जरूर, ईमेलवर बोला म्हणजे पुरावा राहील, पण अर्ज थांबवू नका.

कोर्ट कुठलं? जस्टिस कोर्ट, म्हणजे छोट्या दाव्यांचं कोर्ट, जिथे जस्टिस ऑफ द पीस नावाचे जज असतात. आणि गाडी जिथून उचलली त्या काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कुठलंही, यार्ड असेल त्या काउंटीतलं नाही. रिचर्डसनचा काही भाग डॅलस काउंटीत आहे आणि काही कॉलिन काउंटीत, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन अपार्टमेंटची कोर्टं वेगळी असू शकतात. अपार्टमेंटचा पत्ता कुठल्या काउंटीत येतो ते बघा किंवा कोर्टाच्या क्लार्कला फोन करा, क्लार्क कायद्याचा सल्ला देत नाहीत पण कुठे यायचं ते नीट सांगतात.

अर्जासोबत:

- तुमचं नाव, पत्ता, फोन
- गाडी कुठून आणि कुठल्या तारखेला उचलली
- टो कुणी सांगितला त्यांचं नाव पत्ता, टो कंपनीचं नाव, यार्डाचं नाव पत्ता फोन
- पावतीची किंवा नोटिसीची कॉपी
- बोर्डाचे फोटो, त्यात जागा आणि मजकूर दोन्ही दिसले पाहिजेत. बोर्ड नव्हताच तर तसं लेखी निवेदन

कोर्टाची फी भरावी लागते, किती ते क्लार्कला विचारा. तारीख पटकन मिळते, अर्ज आल्यापासून २१ दिवसांच्या आत सुनावणी घ्यायची असते. अपार्टमेंट, टो कंपनी आणि यार्ड यांना तारीख कोर्टच कळवतं.

७. सुनावणीच्या दिवशी

सिनेमातल्यासारखं कोर्ट डोक्यातून काढा. छोटी खोली, समोर जज, तुम्ही एका टेबलाशी आणि ते दुसऱ्या. माझी सुनावणी पंधरा मिनिटांत संपली. जजला दोनच गोष्टी बघायच्या असतात: गाडी उचलायला सबळ कारण होतं का, आणि फी ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेतली का.

टो हिअरिंगमध्ये गाडी चुकीची उचलली हे सिद्ध करायची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर असते, म्हणजे तुमच्यावर. म्हणून कागद. सगळ्याचे तीन सेट प्रिंट करून न्या, मोबाईलमधले फोटो जजना दाखवता येतील असं धरून चालू नका. मी एका पानावर तारखा लिहून नेल्या होत्या, लीज कधी, ईमेल कधी, टो कधी, पैसे कधी, आणि तेच पान सगळ्यात कामाला आलं. जजनी अपार्टमेंटच्या मॅनेजरला विचारलं की नियम बदलल्याचं किती दिवस आधी कळवलं, त्यांनी उत्तर द्यायला फाईल चाळायला सुरुवात केली, आणि तिथेच मला समजलं.

रडगाणं गाऊ नका, ऑफिसला उशीर झाला, किती त्रास झाला हे एका वाक्यात पुरे. इंग्रजी अडखळलं तरी काही बिघडत नाही, सावकाश बोला, जज थांबतात. मध्येच बोलू नका, समोरचे खोटं बोलताहेत असं वाटलं तरी.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर ज्यांनी गाडी उचलायला सांगितली त्यांच्याकडून टो आणि स्टोरेजचे पैसे परत मिळतात, जज कोर्टाचा खर्च आणि फोटोंचा खर्चही देऊ शकतात, म्हणून प्रिंटच्या पावत्या ठेवा. विरुद्ध लागला तर अपील करता येतं, पण तीनशे डॉलरसाठी ते करायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं.

८. टीडीएलआर आणि मोठा दावा

टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन, म्हणजे टीडीएलआर, हे टो कंपन्या, ट्रक चालवणारे आणि यार्ड यांना लायसन्स देतं. खासगी जागेवरच्या टोचे कमाल दर त्यांच्या वेबसाईटवर असतात, काही शहरांचे स्वतःचे वेगळे असतात, पावती त्याच्याशी ताडून बघा. कार्ड घेतलं नाही, ड्रॉप दिला नाही, नोटीस दिली नाही, दर जास्त लावला, यासाठी तिथे ऑनलाईन तक्रार करता येते. त्याने तुमचे पैसे लगेच परत येतील असं नाही पण लायसन्सवर कारवाई होऊ शकते, आणि पुढच्या माणसाला उपयोग होतो. अपार्टमेंटने टो कंपनीकडून गाडीमागे पैसे घेणं बेकायदा आहे, तसा पुरावा हाती असेल तर तोही द्या.

समोरच्याने जाणूनबुजून किंवा बेफिकीरपणे कायदा मोडला असेल तर १,००० डॉलर आणि घेतलेल्या फीच्या तिप्पट रक्कम मागता येते. हा टो हिअरिंगपेक्षा वेगळा दावा आहे, त्याच जस्टिस कोर्टात होतो, तिथे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. ९२.०१३१ चा १०० डॉलर दंडही असाच वेगळा मागायचा. पण या दाव्यात किंवा ९२.०१३१ मध्ये हरलात तर समोरच्याच्या वकिलाचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, त्यामुळे आधी कुणाला तरी कागद दाखवा. विद्यार्थी असाल तर युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी फुकट कायदा सल्ला मिळतो का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो.

९. आजच करून ठेवायच्या गोष्टी

रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि लीजमधलं पार्किंगचं पान, तिन्हीचे फोटो मोबाईलमध्ये. परमिट ऑनलाईन असेल तर नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट, नंबरप्लेटचं एकेक अक्षर तपासून, ओ आणि शून्यात गल्लत होते. नवीन प्लेट आली की त्याच दिवशी नोंद बदला. अपार्टमेंटचे ईमेल नको असलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जात असतील तर ते आधी दुरुस्त करा. आणि रूममेट बदलला की गाडी कुणाच्या परमिटवर आहे ते ऑफिसमध्ये जाऊन विचारा, लेखी घ्या.